आईला, बहिणीला आणि मला गाठी: मग हे सगळं जनुकांतच आहे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईची गर्भपिशवी फायब्रॉइडमुळे (गर्भाशयाच्या स्नायूत होणाऱ्या, कर्करोग नसलेल्या गाठींमुळे) काढली, थोरल्या बहिणीला गाठी आहेत आणि आता विचारणाऱ्या ताईंच्याही सोनोग्राफीत दोन निघाल्या. काळ्या बायकांमध्ये फायब्रॉइडचं प्रमाण गोऱ्या बायकांच्या दुप्पट-तिप्पट असतं आणि शास्त्रज्ञांना त्याची जनुकं सापडली आहेत, असं त्यांच्या वाचनात आलं. त्यावरून त्या तीन गोष्टी विचारतात: हे सगळं जनुकांतच ठरलेलं असतं का, असेल तर चाचणी करून घ्यावी का, आणि एका संशोधनासाठी रक्ताचा नमुना मागितलाय, तो द्यावा का?

माझं काम दोन ठिकाणी वाटलेलं आहे. आठवड्यातले काही दिवस मी जनुकीय समुपदेशनाच्या ओपीडीत बसते. उरलेल्या वेळात एका संशोधन गटासाठी रुग्णांचे जुने कागद वाचून कोणाला ‘केस’ (आजार असलेली) धरायचं आणि कोणाला ‘कंट्रोल’ (तुलनेसाठी, आजार नसलेली), हे ठरवते. दुसरं काम ऐकायला कारकुनी वाटतं, पण तुमच्या प्रश्नाचं मर्म मला तिथेच जास्त दिसतं.

ताई, तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत. तुमच्या घरातल्या तिघींनाच का, हा एक. आणि एका गटातल्या बायकांना दुसऱ्या गटापेक्षा जास्त का, हा दुसरा. पहिल्याच्या उत्तरात जनुकांचा वाटा बराच मोठा असू शकतो, आणि तरीही दुसऱ्याच्या उत्तरात तो अगदी किरकोळ असू शकतो. बातम्या हे दोन्ही एकाच वाक्यात बांधून मोकळ्या होतात, तिथून गोंधळ सुरू होतो.

एक आधीच सांगून ठेवते. तुमच्या गाठींचं पुढे काय करायचं हे तुमचं वय, गाठी पोकळीत आहेत की भिंतीत की बाहेरच्या बाजूला, अंगावरून किती जातं, हिमोग्लोबिन किती आहे, मूल हवं आहे का, यावर ठरतं. ते तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनीच पाहायचं. मी फक्त जनुकांच्या बाजूने बोलणार आहे.

आधी घरातला प्रश्न. आई किंवा सख्ख्या बहिणीला फायब्रॉइड असेल तर आपल्याला होण्याची शक्यता साधारण दुपटीच्या घरात जाते, ही गोष्ट बरीच जुनी आणि पक्की आहे. पण फायब्रॉइड मुळातच इतके सर्रास आढळतात की एका घरात तिघींना असणं योगायोगानेही सहज घडू शकतं. शिवाय आईला आहे म्हटल्यावर मुलींची तपासणी लवकर होते. कमी त्रासाच्या गाठीही त्यामुळे सापडतात, ज्या एरवी कोणाला कळल्याच नसत्या.

यात एक गंमत आहे, ती बहुतेकांना माहीत नसते. २०११ मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी फायब्रॉइडच्या गाठींमधला डीएनए तपासला, तेव्हा सुमारे ७० टक्के गाठींमध्ये मेड१२ नावाच्या एकाच जनुकात बिघाड सापडला. हा बिघाड आईकडून आलेला नव्हता. गर्भाशयाच्या स्नायूतल्या एखाद्या पेशीत तो आयुष्यात कधीतरी घडतो आणि त्या पेशीपासून गाठ वाढते. रक्ताच्या नमुन्यात तो दिसत नाही. ‘फायब्रॉइडची जनुकं सापडली’ या मथळ्याखाली म्हणून दोन अगदी निरनिराळ्या गोष्टी येतात. गाठीपुरता मर्यादित बिघाड ही एक, आणि जन्मापासून सगळ्या शरीरात असलेले, प्रत्येकी अगदी थोडा धोका वाढवणारे बारीक बदल ही दुसरी. तुमच्या घरात वारशाने काही आलं असेल तर ते बहुधा या दुसऱ्या प्रकारातलं आहे.

हे बारीक बदल शोधायची पद्धत सरळ आहे. आजार असलेल्या हजारो बायका आणि नसलेल्या हजारो बायका घ्यायच्या, त्यांच्या डीएनएमधली लाखो ठिकाणं तपासायची आणि कुठल्या ठिकाणी दोन गटांत फरक पडतो ते पाहायचं. एंडोमेट्रिऑसिसचं, म्हणजे गर्भाशयाच्या आतल्यासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराचं, उदाहरण घ्या. जुळ्या बहिणींच्या अभ्यासांवरून, हा आजार कोणाला होतो आणि कोणाला नाही या फरकात सुमारे निम्मा वाटा आनुवंशिकतेचा दिसतो. २०२३ मध्ये ६०,६७४ रुग्ण आणि सात लाखांवर इतर बायकांचा डीएनए एकत्र तपासला, तेव्हा ४२ ठिकाणं सापडली. ती सगळी मिळूनही आजारातल्या फरकाचा फार तर ५ टक्के भाग समजावता आला. एवढा पसारा करून हाती एवढंच लागतं, यावर आमच्याकडे कधी कधी कडवट विनोदही होतात. पण या ४२ ठिकाणांपैकी काही अर्धशिशी आणि पाठदुखीशी जोडलेल्या ठिकाणांशी जुळतात, हे त्याच अभ्यासात दिसलं. वर्षानुवर्षं ‘तुला दुखणं सहन होत नाही’ असं ऐकून घेतलेल्या बायकांसाठी ही माहिती लहान नाही.

आता दुसरा प्रश्न, गटागटांतला फरक. फायब्रॉइडमध्ये हा फरक खरा आहे. अमेरिकेत काळ्या बायकांना गाठी कमी वयात होतात, जास्त संख्येने होतात, मोठ्या होतात आणि गर्भपिशवी काढायची वेळही जास्त जणींवर येते. मग हे जनुकांमुळे नाही कशावरून? अजून कोणी ठामपणे ‘नाही’ म्हणत नाही, जनुकांचा काही वाटा असू शकतो. माझा आक्षेप आहे तो ‘फरक आहे म्हणजे जनुकंच’ या उडीला. ती उडी किती फसवी आहे याचा मला माहीत असलेला सगळ्यात चांगला पुरावा फायब्रॉइडमधला नाही, बाळांच्या वजनातला आहे.

अमेरिकेत काळ्या बायकांची बाळं सरासरीने गोऱ्या बायकांच्या बाळांपेक्षा कमी वजनाची असतात. याला वांशिक जनुकीय कारण असावं असं बरेच जण धरून चालत. १९९७ मध्ये रिचर्ड डेव्हिड आणि जेम्स कॉलिन्स यांनी इलिनॉय राज्यातल्या जन्मनोंदी काढल्या आणि तीन गट केले: अमेरिकेत जन्मलेल्या गोऱ्या आया, अमेरिकेत जन्मलेल्या काळ्या आया आणि आफ्रिकेत जन्मून अमेरिकेत आलेल्या काळ्या आया. बाळांचं सरासरी वजन अनुक्रमे ३,४४६, ३,०८९ आणि ३,३३३ ग्रॅम निघालं. अमेरिकेतल्या काळ्या बायकांमध्ये आफ्रिकी वंशाबरोबर युरोपीय वंशाचाही अंश असतो. वजन वंशाच्या जनुकांमुळे कमी असतं, तर थेट आफ्रिकेतून आलेल्या बायकांची बाळं सगळ्यात हलकी असायला हवी होती. ती गोऱ्यांच्या जवळ निघाली. २००२ मध्ये याच संशोधकांनी पुढची पिढी पाहिली. गोऱ्या युरोपीय स्थलांतरितांच्या नाती त्यांच्या मुलींपेक्षा जास्त वजनाच्या जन्मल्या. आफ्रिकी आणि कॅरिबियन स्थलांतरितांच्या बाबतीत उलट झालं, नातींचं वजन घटलं. एका पिढीत जनुकं बदलत नाहीत. बदलतं ते ती बाई कुठे, कशी आणि कोणाच्या वागणुकीखाली वाढली हे.

याच गैरसमजाचं एक फार व्यावहारिक रूप होतं. आधीचं सिझेरियन झालेल्या बाईला पुढचं बाळंतपण नैसर्गिक होईल का, याचा अंदाज देणारं एक गणित २००७ मध्ये प्रसिद्ध झालं आणि बऱ्याच डॉक्टरांनी वापरलं. त्यात वय, वजन, आधीची बाळंतपणं यांच्या जोडीला वंशाचाही रकाना होता. बाकी सगळे आकडे सारखे ठेवून फक्त ‘काळी’ किंवा ‘हिस्पॅनिक’ (मूळ लॅटिन अमेरिकेतलं असलेली) यावर खूण केली की यशाची शक्यता खाली येई. म्हणजे ज्या बायकांना आधीच सिझेरियन जास्त होत होती, त्यांनाच पुन्हा सिझेरियनचा सल्ला देण्याची सोय झाली. २०२१ मध्ये तो रकाना काढलेली आवृत्ती आली. इथे कोणाचा डीएनए तपासलेलाही नव्हता. फॉर्मवरच्या खुणेला जीवशास्त्र समजलं गेलं होतं.

आता माझ्या रोजच्या कामाकडे येते, कारण माझ्या मते खरी मेख इथे आहे.

रुग्णालयाच्या नोंदींवरून फायब्रॉइडचा जनुकीय अभ्यास करायचा म्हटलं की पहिला प्रश्न पडतो: ‘कंट्रोल’ कोण? म्हणजे फायब्रॉइड नसलेली बाई कोणती? नोंदीत तसं निदान नाही ती, असं सोपं उत्तर कोणीही देईल. आता हा अभ्यास पाहा. डोना बेअर्ड या संशोधिकेने आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका शहरी आरोग्य योजनेतल्या ३५ ते ४९ वयाच्या बायका चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडल्या आणि त्यांची सोनोग्राफी केली. २००३ मध्ये निष्कर्ष आले. पाळी चालू असलेल्या आणि आधी कधीही फायब्रॉइडचं निदान न झालेल्या बायकांपैकी ५१ टक्क्यांना गाठी निघाल्या. पन्नाशीपर्यंतचा अंदाज काळ्या बायकांत ८० टक्क्यांहून जास्त आणि गोऱ्या बायकांत जवळपास ७० टक्के आला. म्हणजे निदान नाही म्हणून कंट्रोल धरलेल्या बायकांतल्या निम्म्या प्रत्यक्षात रुग्ण असू शकतात. अशा दोन गटांची तुलना करून जनुकं शोधायला बसलात तर खरा फरक पुसट होतो. आणि जे काही उठून दिसेल ते कदाचित गाठी होण्याचं जनुक नसेल. जास्त रक्तस्राव होण्याचं असेल, किंवा नुसतं डॉक्टरांपर्यंत पोचू शकलेल्या बायकांमध्ये जास्त आढळणारं काहीतरी असेल.

म्हणून आमच्याकडचा नियम कडक आहे. ओटीपोटाची सोनोग्राफी किंवा एमआरआय झालेला हवा, एकापेक्षा जास्त वेळा झालेला असेल तर उत्तम, त्यात गाठ नसल्याचं स्पष्ट हवं आणि आधी गर्भपिशवी काढलेली नको. तेव्हा कुठे ती बाई कंट्रोल. मग मी कागद वाचायला बसते आणि काय दिसतं? एका फायलीत पाच वर्षांत तीन सोनोग्राफी, प्रत्येकीत गाठीचं माप सेंटीमीटरमध्ये, कुठल्या भिंतीत तेही लिहिलेलं. दुसऱ्या फायलीत ‘पाळीत पोटात दुखते, अंगावरून जास्त जाते’, गोळ्या दिल्या, लोहाच्या गोळ्या दिल्या, पुन्हा तेच, पुन्हा गोळ्या, आणि सोनोग्राफी एकही नाही. ही दुसरी बाई ना केस होते ना कंट्रोल. तिला बाजूला ठेवावं लागतं. विमा नसलेल्या, कामावरून सुटी न मिळणाऱ्या, दुखणं ऐकून न घेतलेल्या बायकाच अशा जास्त गळतात. नियम शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे, आणि त्याच नियमाने विषमता अभ्यासाच्या आत येऊन बसते. डीएनएची नळी उघडण्याआधीच.

एंडोमेट्रिऑसिसमध्ये तर हे फार जुनं आहे. विसाव्या शतकात बराच काळ हा शिकलेल्या, सुखवस्तू, गोऱ्या बायकांचा आजार मानला जाई. काळ्या बाईचं ओटीपोट दुखलं की लैंगिक संसर्गामुळे आलेली सूज असं लिहून मोकळं व्हायचं. १९७६ मध्ये डोनाल्ड चॅटमन या डॉक्टरांनी आपल्या काळ्या रुग्णांची दुर्बिणीतून तपासणी करून दाखवलं की त्यांच्यात एंडोमेट्रिऑसिस चांगलाच आहे आणि त्यातल्या बऱ्याच जणींवर संसर्गाचा चुकीचा शिक्का बसला होता. आजही अभ्यास एकत्र करून पाहिले तर काळ्या बायकांना या आजाराचं निदान गोऱ्या बायकांच्या तुलनेत कमी होतं असंच दिसतं. निदान कमी होणं आणि आजार कमी असणं यांत केवढं अंतर आहे ते पाहा. पक्क्या निदानाला बराच काळ दुर्बिणीची शस्त्रक्रिया लागत असे. ती ज्यांची झाली त्याच बायका ‘केस’ म्हणून डेटात आल्या.

तुलनेने पीसीओएसमध्ये, म्हणजे हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याच्या आजारात, दिलासा देणारी गोष्ट आढळली. तिथे निदानाच्या निकषांवरून कायम वाद असतात. २०१८ मध्ये सुमारे १०,००० रुग्ण आणि एक लाखावर इतर बायकांचा अभ्यास झाला. काही रुग्णांचं निदान एका निकषाने, काहींचं दुसऱ्याने झालं होतं, आणि काहींनी नुसतं ‘मला पीसीओएस आहे’ असं सांगितलं होतं. तिन्ही प्रकारांत जनुकीय चित्र बरंचसं सारखंच निघालं. बायका आपल्या आजाराबद्दल सांगतात ते विश्वासार्ह असतं, हे सिद्ध करायला जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, तपासावा लागला. असो.

आता डेटात मुळात आहे कोण? २०१९ मध्ये घेतलेल्या आढाव्यानुसार जगभरच्या अशा जनुकीय अभ्यासांत भाग घेतलेल्यांपैकी ७८ टक्के युरोपीय वंशाचे होते, १० टक्के आशियाई आणि आफ्रिकी वंशाचे फक्त २ टक्के. यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या आरोग्य आणि डीएनएच्या मोठ्या संग्रहात पाच लाख लोक आहेत, पण त्यातले सुमारे ९४ टक्के गोरे, आणि निमंत्रण मिळालेल्यांपैकी साडेपाच टक्क्यांनीच होकार दिला होता. तुलनेने निरोगी आणि सुस्थितीतली मंडळी त्यात जास्त आहेत.

आमच्या क्षेत्राला थोडं श्रेय द्यायला हवं. एंडोमेट्रिऑसिस आणि फायब्रॉइड यांचे सुरुवातीचे मोठे जनुकीय अभ्यास २०१० आणि २०११ मध्ये जपानमधून आले. पीसीओएसचा २०११ चा पहिला मोठा अभ्यास चीनमधल्या बहुसंख्य हान समाजाच्या बायकांवर झाला. त्यात सापडलेलं डेन्ड१ए हे जनुक पुढे युरोपीय बायकांमध्येही आढळलं. म्हणजे मूळ यंत्रणा बहुतेक सगळीकडे सारखीच आहे. फरक पडतो तो अंदाज बांधताना. शेकडो-हजारो बारीक बदलांची बेरीज करून धोक्याचा आकडा काढतात, तो एका लोकसंख्येवर बेतलेला असतो. दुसऱ्याच्या मापाचा सदरा अंगावर चढतो, बसत नाही, तसं त्या आकड्याचं दुसऱ्या लोकसंख्येत होतं. २०१९ च्याच एका विश्लेषणात, युरोपीय डेटावर बेतलेल्या आकड्यांची अचूकता पूर्व आशियाई लोकांत सुमारे निम्म्यावर आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांत सुमारे साडेचार पटीने कमी झालेली दिसली.

ओपीडीत याचा चटका वेगळ्या रीतीने बसतो. स्तन आणि अंडाशयाच्या कर्करोगाशी जोडलेल्या बीआरसीए जनुकांचा रिपोर्ट येतो आणि त्यावर शेरा असतो: ‘बदल आढळला, अर्थ अनिश्चित’. समोरची बाई विचारते, म्हणजे मला धोका आहे की नाही? मला सांगावं लागतं की हा बदल तुमच्यासारख्या वंशाच्या पुरेशा निरोगी लोकांत तपासलेलाच नाही, म्हणून तो निरुपद्रवी आहे की घातक, हे आज ठरवता येत नाही. युरोपीय वंशाबाहेरच्या बायकांना हा शेरा जास्त वेळा मिळतो. यातले बहुतेक बदल पुढे निरुपद्रवी ठरतात, पण तोवर ती बाई तो कागद जवळ बाळगून फिरते. नुसत्या अशा शेऱ्यावरून अंडाशय काढण्याचा निर्णय घेऊ नये, हे मी दरवेळी दोनदा सांगते.

मग या सगळ्या संशोधनातून बायकांच्या हाती काही पडलंय का? पडलंय, आणि कधी कधी अगदी अनपेक्षित वाटेने. २००९ मध्ये तुर्कस्तानातल्या काही कुटुंबांचा अभ्यास झाला, ज्यांतल्या मुलामुलींना वयात येण्याची लक्षणंच दिसत नव्हती. त्यांच्यात न्यूरोकायनिन-बी हे मेंदूतलं रसायन किंवा त्याचा ग्राहक (ते रसायन ज्याला चिकटून काम करतं तो पेशीवरचा रेणू), यांच्या जनुकांत बिघाड सापडला. हीच यंत्रणा पाळी जाताना अंगातून निघणाऱ्या गरम वाफांमागेही आहे, हे पुढच्या प्रयोगांतून कळत गेलं. २०१७ मध्ये अनेक वंशांच्या सतरा हजारांवर बायकांचा जीनोम तपासला, तेव्हा गरम वाफांशी जोडलेले बदल नेमके त्याच ग्राहकाच्या जनुकाजवळ निघाले. २०२३ मध्ये तो ग्राहक अडवणारं फेझोलिनेटंट हे हार्मोन नसलेलं औषध अमेरिकेत मंजूर झालं. यकृतावर परिणाम होऊ शकतो म्हणून त्यावर नंतर कडक इशारा छापावा लागला, तेही सांगायला हवं. पण काही घरांतल्या दुर्मीळ आजारापासून लाखो बायकांच्या रोजच्या त्रासापर्यंतचा रस्ता जनुकांनीच दाखवला.

वंशाशी जोडलेलं खरंखुरं जनुकीय कारण कसं दिसतं, तेही सांगते, नाहीतर मी एकाच बाजूने बोलते असं वाटेल. एपीओएल१ या जनुकाचे दोन प्रकार पश्चिम आफ्रिकी वंशाच्या लोकांत बऱ्यापैकी आढळतात, कारण माशीच्या चाव्याने होणाऱ्या आफ्रिकेतल्या ‘स्लीपिंग सिकनेस’ या आजाराच्या परजीवीपासून ते संरक्षण देतात. आई आणि वडील दोन्हीकडून असा प्रकार आला तर मूत्रपिंडाच्या आजाराचा धोका वाढतो, हे २०१० मध्ये कळलं. २०१८ पासूनच्या अभ्यासांत गरोदरपणातल्या रक्तदाबाच्या गंभीर आजाराशी, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सियाशीही, त्याचा संबंध दिसला, आणि तोही आईच्या नव्हे, पोटातल्या बाळाच्या जनुकांचा. हे नेमकं, तपासता येणारं कारण आहे. सगळ्या काळ्या बायकांना ते लागू होत नाही. आणि २०२१ मध्ये अमेरिकेत दर लाख जिवंत जन्मांमागे काळ्या मातांचे ६९.९ आणि गोऱ्या मातांचे २६.६ मृत्यू झाले, तो अख्खा फरक या एका जनुकाने समजावता येत नाही. रक्तदाब वेळेवर मोजणं, धोका असलेल्या बाईला वेळेत कमी मात्रेची ॲस्पिरिन सुरू करणं आणि ‘डोकं फार दुखतंय’ म्हणणाऱ्या बाळंतिणीला घरी न पाठवणं, यांसाठी कोणाचाही जीनोम वाचावा लागत नाही.

इथवरचं एका दमात: घराण्यात गाठी असण्यात जनुकांचा वाटा आहे, गटांमधल्या फरकात तो किती हे अजून नीट मोजलेलं नाही, आणि मोजायच्या पट्टीतच निदानाची विषमता मुरलेली आहे.

आता तुमच्या चाचणीबद्दल. नेहमीच्या फायब्रॉइडसाठी आज उपयोगाची अशी कोणतीही जनुकीय चाचणी नाही. घरबसल्या थुंकी पाठवून मिळणारा धोक्याचा आकडा तुमच्या उपचारांत काहीही बदलणार नाही, कारण गाठी आहेत की नाहीत हे तुमच्या सोनोग्राफीने आधीच सांगितलंय. काही परिस्थितींत मात्र मी आग्रहाने समुपदेशकाकडे पाठवते. घरात अनेकींना विशी-तिशीतच खूप गाठी झाल्या असतील, जोडीला कोणाच्या त्वचेवर दुखऱ्या, टणक पुटकुळ्या असतील किंवा कोणाला मूत्रपिंडाचा कर्करोग झाला असेल, तर एफएच या जनुकातला वारशाने येणारा बिघाड तपासायलाच हवा. तो दुर्मीळ आहे, पण सापडला तर मूत्रपिंडांची दरवर्षी तपासणी करून कर्करोग लवकर पकडता येतो. तसंच घरात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग असेल तर बीआरसीए, आणि कोणाची पाळी चाळिशीआधीच गेली असेल तर एफएमआर१ हे जनुक तपासावं. तुमच्या प्रश्नात यातलं काही दिसत नाही, पण आईला एकदा नीट विचारा. मावशा, आत्या, आजी, कोणाला कुठल्या वयात काय झालं, हे एका कागदावर काढा. अशी वंशावळ बहुतेक चाचण्यांपेक्षा जास्त कामाची असते, आणि फुकट असते.

राहिला संशोधनाचा नमुना. माझं मत द्यावा असं आहे, पण सही करण्याआधी विचारून घ्या. माझी माहिती कोणाकोणाला मिळणार, खासगी कंपन्यांनाही का? पुढे मन बदललं तर नमुना परत घेता येतो का, आणि तोवर वाटला गेलेला डेटा मागे घेता येत नाही हे ते उघडपणे सांगतात का? माझ्या उपचाराला उपयोगी काही सापडलं तर मला कळवणार का? अमेरिकेतल्या एक काळ्या रुग्ण हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशी १९५१ मध्ये त्यांना न विचारता ठेवून घेतल्या गेल्या आणि जगभर वापरल्या गेल्या. एका कंपनीशी त्यांच्या कुटुंबाची तडजोड व्हायला २०२३ उजाडलं. तेव्हा हे प्रश्न विचारणं म्हणजे संशय घेणं नाही, तुमचा हक्कच आहे. जिथे राहता तिथला विम्याचा कायदाही पाहा. अमेरिकेतला २००८ चा कायदा जनुकीय माहितीवरून आरोग्य विमा आणि नोकरीत भेदभाव करू देत नाही, पण आयुर्विमा त्यात येत नाही. तुमच्या डीएनएमध्ये बहिणीचाही अर्धा भाग येतो, म्हणून तिच्या कानावर घाला.

‘मी एकटीने देऊन काय फरक पडणार’ असं वाटत असेल तर एक आकडा सांगते. अमेरिकेच्या ‘ऑल ऑफ अस’ प्रकल्पात आजवरच्या संशोधनातून वगळल्या गेलेल्या लोकांना मुद्दाम सामील करून घेतलं. २०२४ मध्ये त्यांनी २,४५,३८८ जीनोम प्रसिद्ध केले, तेव्हा आधी कधीही नोंदले न गेलेले २७.५ कोटींहून जास्त बदल त्यात निघाले. ‘अर्थ अनिश्चित’ हा शेरा कमी करायचा उपाय हाच आहे.

नमुना द्यायला जाल तेव्हा नुसतं रक्त देऊन येऊ नका. सगळ्या जुन्या सोनोग्राफीचे रिपोर्ट तारखांसकट घेऊन जा, गाठ नव्हती असे रिपोर्टसुद्धा, आणि पाळी, गर्भपात, बाळंतपणं यांची माहिती विचारली नाही तरी लिहून द्या. आईच्या ऑपरेशननंतर गर्भपिशवी तपासणीला पाठवली असेल, तर तो पॅथॉलॉजीचा रिपोर्ट शोधून काढा आणि त्याची एक प्रत तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनाही द्या. एफएचची शंका घ्यायची का, याचा अंदाज कधी कधी त्यातल्या पेशींच्या वर्णनावरूनच येतो.